वाचकांची पत्रे आणि संपादकाची निवड : स्वतंत्र नियतकालिकांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

नियतकालिकांच्या इतिहासाचा अभ्यास करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम अग्रलेखाकडे जाते, त्यानंतर स्फुटांकडे व लेखमालांकडे जाते. वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर मात्र बहुधा उपेक्षित राहते, अथवा एखादे चटकदार उदाहरण शोधण्यापुरतेच चाळले जाते. या उपेक्षेचे कारण उघड आहे. अग्रलेखाला कर्ता असतो. त्याच्या मतांची संगती लावता येते. पत्रव्यवहाराचे सदर अनेक हातांचे असते, आणि त्यामुळे त्याला स्वतःचे असे मत नसते, अशी आपली समजूत असते.

ही समजूत अपुरी आहे. छापलेले प्रत्येक पत्र हे दोन व्यक्तींचे कृत्य असते : ज्याने ते लिहिले त्याचे, आणि ज्याने ते छापण्याचे ठरविले त्याचे. पहिल्याचे नाव पत्राखाली असते वा नसते. दुसऱ्याचे नाव अंकावर असावेच लागते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कृत्याचा, म्हणजे संपादकाने परक्या लेखनास जागा देण्याच्या अथवा नाकारण्याच्या कृत्याचा, विचार करावयाचा आहे. विवेचनाची व्याप्ती स्वतंत्र नियतकालिकांपुरती मर्यादित ठेवली आहे. ज्या पत्रामागे एखादा पक्ष, भांडवलदार वा श्रीमंत संस्था उभी नाही आणि ज्याचा भार एका अथवा दोन-तीन व्यक्तींनी आपल्या खांद्यावर घेतला आहे, अशा पत्रास येथे स्वतंत्र म्हटले आहे. अशा ठिकाणी लेखक, निवाडा करणारा आणि प्रसंगी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा हे तिघेही एकच असतात. यास्तव निवडीचा प्रश्न तेथे सर्वांत तीव्र स्वरूपात दिसतो.

२. निवड अपरिहार्य का

आलेले प्रत्येक पत्र छापणे हा उदारपणाचा कळस होय, असे वरवर वाटते. परंतु तसे करणारे नियतकालिक फार काळ वाचनीय राहत नाही. अंकाची पृष्ठे मोजकी असतात, आणि ज्याला लिहिण्याची हौस अधिक त्याची पत्रे अधिक येतात. ज्याला सांगण्यासारखे अधिक आहे त्याची येतातच असे नाही. म्हणजे संपादकाने निवड केली नाही तरी निवड होतेच. फक्त ती चिकाटी, फुरसत आणि कर्कशपणा यांच्याकडून होते. शिवराळ पत्रांच्या शेजारी आपले पत्र छापले जाईल या भीतीने विचारी मनुष्य लिहिणे सोडतो, आणि सर्वांना मुक्तद्वार ठेवलेल्या सदरातून पहिल्यांदा तोच बाहेर पडतो. तेव्हा ‘निवड असावी की नसावी’ हा प्रश्न खरा नव्हे. ती कोणत्या तत्त्वावर व्हावी हा खरा प्रश्न होय.

निवडीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. छापू नये ते छापले जाणे ही पहिली. छापावयास हवे ते न छापणे ही दुसरी. पहिली चूक सर्वांना दिसते. तीबद्दल खुलासे मागितले जातात, वर्गणी बंद होते, फिर्याद होते. दुसरी चूक कोणालाच दिसत नाही. केराच्या टोपलीत गेलेल्या पत्राची फिर्याद फक्त त्याच्या लेखकाच्या मनात राहते. एका चुकीस शिक्षा आहे आणि दुसरीस नाही, अशी स्थिती असल्यामुळे प्रत्येक संपादकाचा कल, तो कितीही सद्हेतूचा असला तरी, हळूहळू नकाराकडे झुकतो. ज्याच्यापाशी वकिलाची फी देण्याचेही सामर्थ्य नाही अशा स्वतंत्र संपादकाचा तर तो अधिकच झुकतो. निवडीच्या तत्त्वांचा विचार करताना हा स्वाभाविक कल ध्यानात घेऊनच तत्त्वे आखावी लागतात.

न छापलेल्या पत्रांचे दर्शन इतिहासात क्वचितच घडते. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या ‘टॅट्लर’ (१७०९) व ‘स्पेक्टेटर’ (१७११) या पत्रांकडे आलेली पण त्यांत प्रसिद्ध न झालेली पत्रे चार्ल्स लिली याने १७२५ मध्ये दोन खंडांत छापली. हा लिली व्यवसायाने सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता. अशी उदाहरणे थोडी. बहुतेक नियतकालिकांच्या बाबतीत नाकारलेला पत्रव्यवहार कायमचा नष्ट झालेला असतो, आणि उरलेल्या पत्रांनाच आपण ‘तत्कालीन लोकमत’ म्हणू लागतो.

३. टोपणनावाचा प्रश्न

संपादकापुढे पहिला पेच येतो तो स्वाक्षरीचा. नाव न देणारा लेखक भ्याड समजावा काय? मराठी पत्रसृष्टीच्या इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झालेली, पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेलेली १०८ पत्रे ‘लोकहितवादी’ या सहीने आली. त्यांचे लेखक गोपाळ हरि देशमुख हे त्या वेळी सरकारी नोकरीत होते. स्वजातीच्या व स्वसमाजाच्या दोषांवर त्यांनी जे प्रहार केले, ते स्वतःच्या नावाने करणे त्यांना कितपत शक्य झाले असते, याची कल्पना करता येते. संपादकाने ‘नाव नाही, तर जागा नाही’ असा सरसकट नियम केला असता, तर मराठी गद्याचे व समाजचिंतनाचे एक महत्त्वाचे प्रकरण लिहिलेच गेले नसते.

दुसरे उदाहरण रखमाबाईंचे. बालपणी लावून दिलेल्या विवाहाच्या आधारे दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा लावला होता. तो चालू असताना, २६ जून व १९ सप्टेंबर १८८५ रोजी, मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी सहीने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिले बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. ही पत्रे रखमाबाईंची होती. त्या काळी स्त्रीने वृत्तपत्रात लिहावे हेच मुळी अपूर्व. स्वतःवर दावा चालू असलेल्या स्त्रीने लिहावे हे त्याहून अपूर्व. टोपणनाव हे येथे पळवाट नसून बोलण्याची एकमेव वाट होते.

या दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे, आणि तीच या पेचाची किल्ली होय. दोन्ही लेखकांनी रूढींवर, समजुतींवर व समाजाच्या वर्तनावर टीका केली. आडून उभे राहून एखाद्या नामनिर्दिष्ट व्यक्तीवर विशिष्ट कृत्याचा आरोप करणे हा त्यांच्या लेखनाचा हेतू नव्हता. मताची शहानिशा वाचक स्वतः करू शकतो. त्यासाठी लेखकाचे नाव कळण्याची आवश्यकता नाही. युक्तिवाद सबळ असेल तर तो निनावी असूनही सबळच राहतो. आरोपाचे तसे नाही. अमुक इसमाने अमुक दिवशी पैसे खाल्ले, हे विधान खरे की खोटे हे वाचकास घरी बसून ठरविता येत नाही. सांगणारा कोण, त्याला हे कसे कळले, त्याचे त्या इसमाशी वैर आहे काय, यांवरच त्याचे मूल्य अवलंबून असते. म्हणून मतास टोपणनाव चालते; आरोपास चालत नाही. किमानपक्षी, आरोप करणाऱ्याचे नाव वाचकापासून गुप्त राहिले तरी संपादकास ते ठाऊक असलेच पाहिजे, आणि ते ठाऊक असणे म्हणजे जबाबदारी स्वीकारणे होय, याची त्यास जाणीव असली पाहिजे.

४. परक्याच्या कागदाची जामिनकी : कोल्हापूर प्रकरण

या जाणिवेची किंमत किती असते, हे ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांस त्यांच्या दुसऱ्याच वर्षी कळले. दोन्ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाली. ‘केसरी’चे संपादन गोपाळ गणेश आगरकरांकडे व ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळकांकडे होते. कोल्हापूरचे तरुण महाराज शिवाजी यांस वेड लागल्याचे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, अशी लोकांत प्रबळ शंका होती. राज्याचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर या पत्रांनी टीका चालविली. या टीकेस आधार म्हणून बर्वे यांनी लिहिली असे सांगितली जाणारी पत्रे संपादकांच्या हाती आणून देण्यात आली, आणि ती खरी मानून त्यांवर विसंबण्यात आले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांस प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली, आणि त्या तुरुंगवासाचे वर्णन आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात केले.

या प्रकरणाचे स्मरण आपण सामान्यतः देशभक्तीच्या इतिहासातील एक प्रसंग म्हणून करतो, आणि ते योग्यच आहे. सुटकेनंतर लोकांनी केलेला दोघांचा गौरव सर्वश्रुत आहे. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये, त्या वेळच्या अहमदनगर येथे स्थानबद्ध असताना महाराजांचा मृत्यू झाला, तेव्हा लोकांच्या मनातील शंका अस्थानी नव्हती असेही अनेकांस वाटले. परंतु संपादनशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. कार्याची न्याय्यता कागदाच्या खरेपणाची हमी देत नाही. किंबहुना जे कार्य आपल्याला न्याय्य वाटते त्यास अनुकूल असा कागद समोर आला की आपली पारख सैल पडते. बनावट कागद करणाऱ्यास हे चांगले ठाऊक असते. प्रतिकूल पत्र आपण दहादा तपासून पाहतो. अनुकूल पत्र आनंदाने छापखान्याकडे पाठवितो. तपासणीची रीत याच्या नेमकी उलट असावयास हवी.

कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमाने बदनामीकारक मजकूर रचणारा व तो प्रसिद्ध करणारा असे दोघेही दोषास पात्र ठरविले. सद्भावनेने व लोकहितार्थ केलेल्या विधानास त्या कलमाच्या अपवादांत संरक्षण होते. परंतु ५२ व्या कलमाने ‘सद्भाव’ या शब्दाचा अर्थ बांधून टाकला होता. योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेली गोष्ट अथवा बाळगलेला विश्वास हा सद्भाव नव्हे, असे त्याचे तात्पर्य. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३५६ व्या कलमात बदनामीची तरतूद आहे, आणि सद्भावाची व्याख्याही तिने कायम ठेवली आहे. अर्थात्, मन निर्मळ होते एवढे सांगून संपादक सुटत नाही. आपण चौकशी केली होती, हे त्याला दाखविता आले पाहिजे. ‘पत्रलेखकाच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही सदराच्या माथ्यावरील परिचित ओळ मतांपुरती प्रामाणिक आहे. आरोपांपुरती ती निरुपयोगी आहे. असहमत असूनही तो मजकूर छापला तो संपादकानेच.

मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे अंकावर असण्यामागचे प्रयोजनही हेच होय. १८६७ च्या कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी घातलेले हे बंधन, तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा नियतकालिक नोंदणी कायदा अंमलात आल्यावरही तत्त्वतः टिकून आहे. लेखक अनेक असोत; समाजाला जाब विचारता यावा असे एक तरी नाव असले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी आहे.

५. प्रश्नास उत्तर देणारा संपादक : ‘समाजस्वास्थ्य’

आतापर्यंत वाचक काही सांगतो आणि संपादक त्यास जागा देतो, अशा पत्रांचा विचार झाला. वाचक प्रश्न विचारतो आणि संपादक उत्तर देतो, हा पत्रव्यवहाराचा दुसरा प्रकार. त्याचे मराठीतील सर्वांत धाडसी उदाहरण रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात आढळते. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले हे मासिक कर्वे यांनी १९५३ मध्ये आपल्या निधनापर्यंत, जवळजवळ एकहाती, चालविले. संततिनियमन व कामविज्ञान यांविषयी शास्त्रीय माहिती देणे हा त्याचा उद्देश. ज्या विषयावर मनुष्य घरच्या माणसांशी, किंबहुना वैद्याशीही, बोलू शकत नव्हता, त्या विषयावरचे प्रश्न वाचक कर्व्यांस लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांची उत्तरे मासिकात देत.

१९३१ मध्ये व्यभिचार या विषयावरील लेखाबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांस १०० रुपये दंड झाला होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांस पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप मुख्यतः वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीचे ते प्रश्न होते. कर्व्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचकास खरी शंका असेल तर तिचे शास्त्रीय निरसन झाले पाहिजे, ही बचावाची भूमिका होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. कर्व्यांस २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही.

कोल्हापूर प्रकरण व हे प्रकरण शेजारी ठेवून पाहिले असता निवडीच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात. दोन्ही ठिकाणी संपादकास शिक्षा झाली. पण दोहोंचा अर्थ एक नाही. पहिल्या ठिकाणी पारख न झालेला कागद प्रसिद्ध झाला, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्या तिसऱ्या मनुष्याची हानी झाली. दुसऱ्या ठिकाणी कोणा तिसऱ्याची अब्रू गुंतलेली नव्हती. अभिरुचीस धक्का बसला, एवढाच अपराध. पहिली चूक टाळणे हे संपादकाचे कर्तव्य होय. दुसऱ्या प्रकारचा धोका पत्करणे हेही, प्रसंगी, त्याचे कर्तव्यच होय. शिक्षेच्या भीतीने हे दोन धोके एकाच वर्गात टाकणारा संपादक सुरक्षित राहतो. परंतु त्याच्या पत्राची गरज उरत नाही. कर्व्यांनी ते प्रश्न बाजूस सारले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. दुसऱ्या प्रकारची चूक अदृश्य असते, असे वर म्हटले, ते याच अर्थाने.

६. प्रतिकूल मतास जागा

संपादकाच्या न्यायबुद्धीची कसोटी प्रतिकूल पत्रापाशी लागते. मराठी ग्रंथकार सभेच्या निमंत्रणास जोतीराव फुले यांनी दिलेले नकाराचे उत्तर १८८५ मध्ये ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती मिशनचे पत्र. फुले ख्रिस्ती नव्हते. तरी त्या पत्रास तेथे जागा मिळाली, आणि ग्रंथनिर्मिती व समाजातील विषमता यांच्या संबंधाविषयीचा एक मूलभूत आक्षेप पुढील पिढ्यांस उपलब्ध राहिला. मतभेदाचे असे कागद ज्या सभेविरुद्ध लिहिलेले असतात तिच्या दप्तरात टिकतीलच असा भरवसा नसतो.

याहून विशेष उदाहरण ‘हरिजन’ साप्ताहिकाचे. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून निघालेल्या त्याच्या पहिल्याच अंकासाठी गांधीजींनी डॉ. आंबेडकरांकडे संदेश मागितला होता. आंबेडकरांनी संदेश देण्याचे नाकारून, जातिसंस्था नष्ट झाल्यावाचून अस्पृश्यता जाणार नाही अशा आशयाचे आपले मत पाठविले. ते मत पत्राच्या मूळ भूमिकेसच छेद देणारे होते. गांधीजींनी ते पहिल्या अंकात छापले व त्यास आपले उत्तर जोडले.

या उदाहरणात संपादकाचे औदार्य दिसते, तसेच त्याच्या हातातील एक सूक्ष्म अधिकारही दिसतो. पत्राखाली टीप जोडण्याचा अधिकार फक्त संपादकाचा असतो. पत्रलेखकास पुढील अंकाची वाट पाहावी लागते. संपादकाचे उत्तर त्याच पृष्ठावर, त्याच दिवशी वाचकासमोर येते. प्रतिकूल पत्र छापून त्याखाली दुप्पट लांबीची टीप देणे ही निवडीचीच एक आडवळणाची रीत होय. तिचा उपयोग वस्तुस्थितीची चूक दाखविण्यापुरता ठेवावा. मताचे खंडन करावयाचे असेल तर ते स्वतंत्र लेखात, स्वतःच्या नावाने आणि प्रतिपक्षास पुन्हा बोलण्याची संधी देऊन करावे, हे न्याय्य होय.

भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारनियमांतही या विषयाचा विचार आढळतो. वादग्रस्त विषयावर सदर खुले केले म्हणून आलेली सर्व पत्रे छापण्याचे बंधन संपादकावर नाही. तो निवड करू शकतो, पत्राचा सारांश देऊ शकतो. मात्र छापलेला मजकूर एकांगी न होता मुख्य मुद्द्यावरील दोन्ही बाजूंचा समतोल साधेल, असा प्रामाणिक प्रयत्न त्याने केला पाहिजे. उत्तरास प्रत्युत्तर व प्रत्युत्तरास पुन्हा उत्तर असे चक्र सुरू झाल्यास वाद कोठे थांबवावा हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच, असे हे नियम सांगतात.

७. निवडीची तत्त्वे

वरील विवेचनावरून स्वतंत्र नियतकालिकासाठी काही तत्त्वे मांडता येतील.

पहिले तत्त्व असे की मत व आरोप यांस वेगवेगळी चाळणी लावावी. मताच्या बाबतीत चाळणी जाड असावी; चुकीचे, उद्दाम वा अप्रिय मत हे नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. आरोपाच्या बाबतीत चाळणी बारीक असावी. आणि तो आरोप आपल्या भूमिकेस अनुकूल असेल तर ती अधिक बारीक असावी.

दुसरे तत्त्व भाषेविषयी. शिवीगाळ गाळावी, परंतु धार गाळू नये. संपादकाने लांबी कमी करावी, शुद्धलेखन सुधारावे, विषयांतर काढून टाकावे. परंतु लेखकाने ‘खोटे’ म्हटले असेल तेथे ‘अपुरे’ असे करण्याचा त्यास अधिकार नाही. अर्थास बाध येणारा बदल करावयाचा तर लेखकास विचारून करावा, अन्यथा पत्र साभार परत करावे. मोडके लिहिणाऱ्याच्या बाबतीत येथे अधिक दक्षता हवी. ज्याला लिहिण्याचा सराव नाही त्याची तक्रार पुष्कळदा उद्धट वाटते; भाषेचा सफाईदारपणा हीच प्रवेशाची अट केली तर सदर हे सुशिक्षितांचे आपसांतील संभाषण होऊन बसते.

तिसरे तत्त्व असे की नियम आधी जाहीर असावेत. पत्राची लांबी किती, नाव-पत्ता कळविणे आवश्यक आहे काय, टोपणनाव केव्हा चालेल, संक्षेप करण्याचा अधिकार कोणाचा, ही माहिती सदरातच वेळोवेळी दिली असता नकार व्यक्तीस नसून नियमास धरून आहे हे नाकारलेल्या लेखकास कळते. वाद बंद करावयाचा असेल तर अमुक अंकानंतर या विषयावरील पत्रे घेतली जाणार नाहीत असे आधी सांगावे. शेवटचा शब्द आपण बोलून मग दार लावून घेणे अप्रामाणिकपणाचे होय.

चौथे तत्त्व चुकीच्या दुरुस्तीविषयी. ज्याच्यावर टीका झाली त्याचा खुलासा, तो मुद्द्यास धरून असेल तर, मूळ पत्राइतक्याच ठळकपणे छापावा. पहिल्या पानावरील आरोप आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यातील खुलासा यांची फिटंफाट होत नाही.

पाचवे व अखेरचे तत्त्व असे की नाकारलेल्या पत्रांची नोंद ठेवावी. पत्र कोणाचे, कोणत्या विषयावरचे, कोणत्या कारणाने नाकारले, एवढी एक ओळ पुरेशी आहे. वर्षाअखेरीस ही वही उलगडून पाहणाऱ्या संपादकास स्वतःचा कल दिसून येतो. एकाच बाजूची पत्रे ‘जागेअभावी’ राहिली असतील तर जागेचा अभाव हे खरे कारण नव्हते, हे कळून येते. अदृश्य चूक दृश्य करण्याचा याहून सोपा उपाय नाही.

८. अभ्यासकांसाठी काही निष्कर्ष

पत्रव्यवहाराच्या सदरांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांस या विवेचनातून काही सूचना मिळतात. छापलेली पत्रे हे लोकमत नव्हे. ते संपादकाच्या निवडीतून उतरलेले लोकमत होय. एखाद्या विषयावर विरोधी पत्रे आढळली नाहीत, एवढ्यावरून विरोध नव्हता असे अनुमान काढता येत नाही. त्यासाठी त्याच विषयावरील अन्य पत्रांचे, विशेषतः प्रतिस्पर्धी पत्रांचे, अंक पाहिले पाहिजेत. एकाने नाकारलेले पत्र दुसऱ्याने छापले असण्याचा संभव असतो.

पत्राचे रूप असलेला प्रत्येक मजकूर वाचकाचे पत्र असतो असेही नाही. ‘समाजस्वास्थ्या’तील ‘शारदेची पत्रे’ हे लेखन स्वतः कर्व्यांचेच होते. पत्र हा निबंधाचा एक प्रकार म्हणूनही रूढ आहे, हे ध्यानात न घेता सह्यांची मोजदाद केल्यास स्त्रियांच्या वा सामान्य वाचकांच्या सहभागाविषयी चुकीची अनुमाने निघतील. म्हणून पत्राची तारीख व अंकाची तारीख यांतील अंतर, स्वाक्षरीचे स्वरूप, खालची टीप, पुढील अंकांतील प्रतिसाद आणि सदराच्या माथ्यावरील सूचना या पाच गोष्टी प्रत्येक पत्राबरोबर टिपून ठेवण्याची सवय लावावी. त्यांवरून संपादकाचा हात पुष्कळ अंशी ओळखता येतो.

सारांश, परक्याचे शब्द छापणारा संपादक केवळ टपालवाला नसतो, आणि त्याने केवळ द्वारपालही होऊ नये. तो जामीन असतो. जामीन राहणाऱ्याने माणूस पारखून घ्यावा लागतो. परंतु कोणासही जामीन राहावयाचे नाही असे ठरविणाऱ्याच्या शब्दास बाजारात किंमत उरत नाही. स्वतःचे पत्र नसलेल्या, सभेत बोलावणे नसलेल्या मनुष्यास सार्वजनिक जीवनात शिरण्याचे जे थोडे दरवाजे आहेत, त्यांत वाचकांच्या पत्रांचे सदर हा एक होय. तो किती उघडा ठेवावा हे ठरविताना संपादकाने स्वतःच्या सुरक्षिततेबरोबर बाहेर उभ्या असलेल्या त्या मनुष्याचाही हिशेब धरला पाहिजे.